म्हातारीचं पोट

"म्हातारीच्या कानात कुंकू साचलंय. सुई घालून काढ. आणि तेल बेतानं घाल, मागच्या वेळी खालून गळत होतं."

हे बाबा सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, फोन कानाला लावून, खणखणीत आवाजात बोलले. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मराठी मावशी होत्या. हातात कोथिंबीर, चेहऱ्यावर काळजी.

"आजींना बरं नाही का हो?"

"वय झालं," बाबा म्हणाले.

"किती असेल?"

बाबांनी खरंच हिशेब केला. "शंभराच्या पुढे."

"अगं बाई! मग कानात सुई कसली घालताय? ईएनटीला दाखवा की."

लिफ्ट उघडली. बाबा मान डोलावत बाहेर पडले. मी मागोमाग. मला हसू आलं नाही. गेले तीन आठवडे मला कशाचंच हसू येत नव्हतं.

म्हातारी म्हणजे आमच्या गावची ठासणीची बंदूक. कोकणात ज्यांना काडतुसाची परवडली नाही त्यांच्या घरी ही असायची. दारू तोंडातून ओतायची, वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. मागे घोड्याखाली एक बारीक भोक असतं, त्याला काना म्हणतात. त्यावर तांब्याची टोपी बसवून चाप ओढला की ठिणगी कान्यातून आत जाते. पणजोबांनी घेतलेली. पिकाच्या रक्षणाचा परवाना आता थोरल्या काकांच्या नावावर आहे. काका आणि बाबा लहानपणापासून तिला म्हातारी म्हणतात.

सिंगापूरला आल्यावर बाबांना हे टोपणनाव फारच सोयीचं पडलं. या देशात बंदुकीच्या बाबतीत कायदा काय म्हणतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून घराबाहेर त्यांनी 'बंदूक' हा शब्द उच्चारलेला नाही. हिंदीतही तोच शब्द आहे ना, कुणीही ऐकेल. 'गोळी' फक्त डोकेदुखीची. बंदूक साडेतीन हजार किलोमीटरवर, काकांच्या माजघरात खुंटीला. आणि हा माणूस इथे लिफ्टमध्ये घाबरतो. वीसेक वर्षांत नागरिक झाला, फ्लॅट घेतला, पण एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्या माणसाची भीती काही गेली नाही.

माझा राग भीतीवर नव्हता. म्हातारीला इतकी वर्षं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्र म्हणून खाली काढायचे, हळदकुंकू वाहायचे आणि परत टांगायचे. या वर्षी काकांनी ठरवलं की तिला पुन्हा शिकारीसाठी तयार करायची. रानडुकरांनी त्यांचे भाताचे दोन कुणगे, म्हणजे दोन तुकडे, लोळवले होते. दसरा झाला की म्हातारी घेऊन शेतात बसायचं. म्हातारीची डागडुजी काकांना येत नाही, ती बाबांना येते. आजोबांनी, म्हणजे आबांनी, ती धाकट्यालाच शिकवली होती. म्हणून दर रविवारी आपल्याकडचे साडेअकरा, तिकडचे नऊ वाजले की व्हिडिओ कॉल.

आणि मी? मी रानडुकरांसाठी पत्रकं वाटते.

सांगितलं की लोक हसतात. हसा. इथे जंगलाच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या, डुकरं कचऱ्यापाशी येऊ लागली, लोक आधी त्यांना ब्रेड टाकतात, फोटो काढतात, आणि एक दिवस कुणाला धडक बसली की तेच लोक 'मारून टाका' म्हणतात. आमचा लहानसा गट आहे. वन-नॉर्थचं ऑफिस सुटलं की मी घरोघर जाते. आमच्या पत्रकावर तीनच वाक्यं आहेत: खायला घालू नका. घाबरवू नका. मारा म्हणू नका. एका ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये, कॉफीचा कप घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या चिनी अंकलनी ते नीट वाचलं आणि अस्सल सिंगापुरी ढंगात मला म्हणाले, "मी कुठे खायला घालतो? तोच येतो, लाह." तरी ते घडी करून खिशात घातलं त्यांनी. माझ्या बाबांनी एकदाही वाचलेलं नाही.

"परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही," मी घरी सांगितलं. "डुक्कर मारायची परवानगी वेगळी काढावी लागते. काकांनी काढलीय का?"

"तू डुकराची वकील आहेस का?"

"हो."

"मग त्याला सांग, भात खाऊ नको."

हा आमच्या घरातला वाद. म्हणजे वाद होऊच द्यायचा नाही. मला लहानपणापासून सांगतात, नीट ठासून बोलावं, पुटपुटू नये. आता ठासून बोलते तर म्हणतात, भाषण देऊ नको.

म्हणून मी बोलायचं सोडलं आणि पुरावे गोळा करायला लागले. कॉल चालू असताना मी बाबांच्या मागे सोफ्यावर बसायचे, लॅपटॉपवर तोच कॉल उघडून, आणि स्क्रीनचे फोटो काढायचे. काका म्हातारीला तेल लावताना. काका घोडा मागेपुढे करताना. गज आत घालताना. वनखात्याला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा तयार होता, मथळ्यासकट. सख्ख्या काकांविरुद्ध. आईला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, "पाठव, आणि मग दिवाळीला कुठल्या तोंडानं जाणार तेही पत्रकात लिही."

पहिल्या रविवारी काना साफ करायचं काम निघालं. दरवर्षीचं हळदकुंकू, वर तेल, वर धूळ. काकांनी गोधडीची सुई घातली, ती बोटाच्या पेराएवढीही आत जाईना.

"ह्या काय, दगड झालो," काका कॅमेऱ्यात सुई दाखवत म्हणाले. टोकाला लाल चिखल. "आमच्या घरातल्या बायकांची भक्ती गो, बाय. वीस वर्षांची."

"रॉकेलचा थेंब सोड, दादा. चार दिवस राहू दे. मग पुन्हा सुई."

"आणि तू काय गो, आज पण तोंड फुगलेला?" काका मला म्हणाले. "तुझ्या पत्रकात भाताचा काय लिवलला आसा?"

"भाताचं वेगळं पत्रक काढू," मी म्हटलं.

"काढ. डुकराक वाचून दाखवतंय."

ते आणि बाबा दोघंही हसले. हसताना दोघांचे खांदे एकसारखे हलतात. याचाही मला राग येतो.

त्या आठवड्यात वरच्या मावशी म्हातारीसाठी कसलंसं होमिओपॅथीचं औषध घेऊन आल्या. आईला खरं सांगता येईना, खोटंही बोलवेना. म्हणून तिनं विषय बदलायला आमच्या घरातला नेहमीचा किस्सा काढला: एरंडेलाचा.

तो असा. बाबा सिंगापूरला आले त्या पहिल्या वर्षी दसऱ्याला आठ दिवस गावी जाऊन आले होते. परत आल्यावर त्यांनी गावात फोन केला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, वाडीतल्या दुकानात होता. दुकानदार म्हणाला, काका शेतात आहेत, निरोप सांगा. बाबांनी सांगितला. संध्याकाळी दुकानदारानं तो काकांना शब्दशः पोचवला: म्हातारीचं पोट भरलेलं राहिलंय, रिकामं करून घ्या. आजी तेव्हा सत्तरीची होती. दसऱ्याला गोडधोड बेताबाहेर झालं होतं. काकांना वाटलं, धाकट्याला आईची किती काळजी! काकूनं एरंडेल पाजलं. आजीचे दोन दिवस परसाकडे येरझाऱ्यांत गेले. तिसऱ्या दिवशी काकांनी दुकानातून उलटा फोन लावून कळवलं: पोट साफ झालं, चिंता नको.

आजी पुढे बारा वर्षं जगली आणि येईल-जाईल त्याला सांगायची, "माझ्या झिलान शिंगापुरातसून माका एरंडेल धाडल्यान." झील म्हणजे मुलगा. सगळं गाव हसायचं. मावशीही हसल्या, औषध ठेवून गेल्या. बाबा हसले नाहीत, पण ते जेवत होते आणि टीव्ही चालू होता. मीही लक्ष दिलं नाही. हा किस्सा मी शंभरदा ऐकला होता.

दुसऱ्या रविवारी काकांनी काना मोकळा करून ठेवला होता. सुई सरळ आत गेली. काकांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, माणूस आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आलाय. त्यांनी फोन अंगणातल्या नारळाला टेकवून ठेवला होता. मागे पडवीत काकू पाट्यावर काहीतरी वाटत होती. म्हातारी काकांच्या मांडीवर आडवी, तोंड पडवीकडे.

"आता एक टोपी लावन बघतंय," काका म्हणाले. "नुसती टोपी. दारू नाय. काना साफ झालो काय नाय ता कळात."

"लाव," बाबा म्हणाले. "नुसत्या टोपीनं नळीतून फुसकन वारा येईल. पान धर समोर, हललं तर साफ."

हे खरंच करतात, मला नंतर कळलं. काना मोकळा आहे का बघायची ती रीत आहे. रीत चुकीची नव्हती.

काका टोपीची डबी शोधायला आत गेले. तेवढ्यात मी लॅपटॉपवर मागच्या रविवारचे फोटो लावत बसले होते, तक्रारीत कुठला कुठे जाईल ते. एका फोटोत गज म्हातारीच्या बाजूला जमिनीवर ठेवलेला: एक टोक नळीच्या तोंडाशी, दुसरं बरोबर कान्याशी. दुसऱ्या फोटोत तोच गज नळीच्या आत, आणि बाहेर चांगला वीतभर. मी तिसरा बघितला. त्यातही वीतभर. मला बंदुकीतलं काही कळत नाही. पण फोटोत खोट आहे का हे बघायची मला सवय आहे, कारण आमच्या पत्रकातल्या फोटोंना लोक खोटे म्हणतात. मला वाटलं, काकांनी गज बदलला. नाही, टोकाची तीच पितळी कडी.

"बाबा, गज पूर्ण आत का जात नाही?"

"काय?"

"गज. बाहेर नळीएवढाच आहे. आत घातल्यावर वीतभर बाहेर राहतो."

"कचरा असेल. गंज."

"वीतभर गंज?"

"तू आता बंदुकीचीही तज्ज्ञ झालीस?" त्यांनी मान वळवली नाही. "आधी डुक्कर, आता गंज. जरा गप्प बसशील? दादा येतोय."

काका आले होते. डबी उघडत होते. मला त्या क्षणी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. कुणाचं तरी ऐकून घ्यायचं म्हणजे यांना स्वतःचा पराभव वाटतो. मी लॅपटॉप उचलला आणि बाबांच्या मांडीवर, त्यांच्या फोनच्या वर, आदळला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी.

"बघा. भाषण देत नाही. नुसतं बघा."

बाबांनी बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. त्यांचा हात लॅपटॉपच्या कडेवर होता, तो मागे आला.

"दादा," ते म्हणाले. आवाज इतका खाली की काकांना ऐकू गेला नाही.

"काय ता? टोपी बसली बघ."

"दादा!" बाबा उभे राहिले. बाबा घरात कधी ओरडत नाहीत. "टोपी काढ! घोड्याला हात लावू नको. टोपी काढ आणि तोंड बांधाकडे फिरव. वहिनी, उठा तिथून! आत जा!"

काकू पाट्यावरून वाटण टाकून उठली. काका बावरले, पण हात शिकलेले होते. टोपी नखानं काढली, म्हातारी फिरवली, मातीच्या बांधाकडे तोंड करून खाली ठेवली आणि चार पावलं मागे सरले.

"काय झाला काय?"

"तिच्या पोटात बार आहे."

"कसलो बार? मी भरूक नाय. आबा गेल्यापासून कोणी भरलोच नाय."

"मी भरला होता."

मग हळूहळू निघालं. त्या पहिल्या वर्षी, खंडेनवमीला, पूजेनंतर हवेत एक बार काढायचा म्हणून, काका बाजारात गेलेले असताना, बाबांनी म्हातारी भरली होती. नवीन नोकरी, परदेश, जरा मिरवायचं होतं. छर्रेही घातले, आवाज भारदस्त यावा म्हणून. टोपी वाजली, बार उडालाच नाही. दारू सादळलेली. दुसरी टोपीही वाया गेली. दुसऱ्या दिवशी दसरा, संध्याकाळी विमान. नंतर काढू म्हणून म्हातारी खुंटीला टांगली आणि बाबा निघून आले. इथे आल्यावर जिवाला लागून राहिलं. म्हणून फोन.

"ऑफिसातून केला होता," बाबा म्हणाले. "शेजारी दोघं-तिघं बसलेले. म्हणून तिचं नाव न घेता सांगितलं. तू कळवलंस, पोट साफ झालं. मी निश्चिंत झालो."

नारळाला टेकवलेल्या फोनमध्ये त्यांचा चेहरा एका बाजूला कापला गेला होता.

"दादा, तू काय रिकामं केलंस?"

"आवशीचा पोट," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. पडवीतून काकूचा आवाज आला, "अरे देवा, म्हातारेक उगाच पाजलंय!" आणि मग तीच रडायला लागली.

मला रडू आलं नाही. मी उठले आणि टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे गेले. तिथे एक फोटो आहे, आम्ही इथे आलो तेव्हापासून आहे. बार भरला त्याच्या पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीचा. बाबा मला आणि आईला सिंगापूरला न्यायला आले होते. पाटावर म्हातारी, झेंडूची फुलं, आणि सहा वर्षांची मी, एक डोळा मिटून, दुसरा नळीच्या तोंडाला लावलेला. आत काय आहे ते बघतेय. बाजूला आजी हसतेय. फोटो बाबांनी काढलाय. पाहुणे आले की सांगतात, बघा, लहानपणापासून चौकस.

मी तो भिंतीवरून काढला आणि बाबांच्या समोर टेबलावर ठेवला. हे मी मुद्दाम केलं. मऊपणानं वागायला हवं होतं असं आई नंतर म्हणाली. असेल. बाबांनी फोटो जवळ ओढला आणि म्हणाले, "कुंकवानं वाचवलं."

"कुंकवानं नाही," मी म्हटलं. "भोक बुजलं म्हणून वाचलो. आणि तुम्ही दोघं गेले दोन रविवार ते भोक साफ करताय."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतक्या मोठ्या चुकीवर मला कुणावर ओरडायचं तेच सापडेना. भीती म्हणावी तर ती शहाण्या माणसाची भीती होती. निरोप म्हणावा तर दुकानदारानं एक अक्षर बदललं नव्हतं.

तालुक्याच्या गावचा बंदुका दुरुस्त करणारा कधीच दुकान बंद करून गेला होता. बार काढायची पद्धत बाबांना माहीत होती, पण त्या दिवशी फोनवर ते एक सांगत आणि काका दुसरंच ऐकत. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर काका म्हणाले, "तोंडी काय एक सांगा नको. मागच्या खेपेक तोंडीच सांगितलंस. लिवन धाड. त्या चेडवाक सांग, ता लिवता मा पत्रका? ता लिवात तेवढाच मी करतलंय. एक काडी जास्त नाय, एक काडी कमी नाय."

चेडू म्हणजे मी. अशा रीतीनं माझं पहिलं मराठी पत्रक म्हातारीवर निघालं.

बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. आमच्या गटात शिकवतात: एका ओळीत एकच काम, क्रियापद ठळक, घाबरवायचं नाही आणि गुळगुळीतही बोलायचं नाही. टोपीची डबी दुसऱ्या घरी ठेवा. चूल, विडी, उदबत्ती लांब. तोंडासमोर कुणीही उभं राहू नये, स्वतःही नाही. नळी माडाला उभी बांधा, बाजूला उभं राहून हात लांब करून पाणी ओता, वाकून बघू नका. कान्यातून पाणी ठिबकेपर्यंत ओतत राहा. दोन दिवस भिजू द्या. मग गजाच्या टोकाला पेचाचा खिळा लावून काथ्या ओढून काढा. सगळं निघाल्यावर गज बाहेर आणि आत मोजा. सारखा आला पाहिजे. 'वाकून बघू नका' मी दोनदा लिहिलं.

"शेवटी लिही," बाबा म्हणाले, "गरम पाण्यानं धुऊन, फडक्यानं कोरडी करून लगेच तेल. नाहीतर एका रात्रीत गंज धरेल. आश्विनातली हवा आहे तिकडची."

"लिहिते," मी म्हटलं. आणि ते अंघोळीला गेल्यावर ती ओळ न लिहिता पत्रक पाठवून दिलं.

विचार न करता झालं असं सांगणार नाही. पूर्ण विचार करून केलं. बार निघेल, काका वाचतील, काकू वाचेल, आणि म्हातारी आतून अशी गंजेल की पुन्हा कधी कुणावर रोखता येणार नाही. डुकरं वाचतील. तक्रार करायची गरज नाही, दिवाळीला तोंड दाखवायला मोकळी. एका ओळीत सगळ्यांचं भलं. इतकं स्वच्छ काम मी गेल्या दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी, मी ऑफिसच्या खाली हॉकर सेंटरमध्ये जेवत असताना, काकांचा कॉल आला. त्यांच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर काळा लगदा पसरलेला: काथ्याचे दोन बोळे, डांबरासारखी दारू, आणि छर्रे. काकांनी ते बोटानं एकेक बाजूला केले. माझ्या डोळ्याच्या समोर, सहाव्या वर्षी, हे होतं.

"गज मोजलंय," काका म्हणाले. "सारखो इलो. तुझा पत्रक भिंतीक लावलंय, काकूक पाठ झाला. आता बाय, पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे?"

"म्हातारी भिजलेली आसा. कागद हयच संपता. पुसू? काय तशीच ठेवू? तू लिवलंस नाय म्हणून हात लावक नाय."

माणूस साठ वर्षं कोकणात राहिलाय. ओलं लोखंड पुसायचं असतं हे त्याला मी सांगायला हवं? पण ते खरंच थांबले होते. शब्द दिला होता, एक काडी जास्त नाही. आणि त्यांच्या मागे, पडवीच्या भिंतीवर, माझा कागद चार खिळ्यांनी ठोकलेला दिसत होता. खाली थोडी मोकळी जागा. शेवटची ओळ जिथे यायला हवी होती तिथे.

'तशीच ठेवा' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी माझ्या गटात नव्या मुलांना सांगते की पत्रकात एक वेळ कमी लिहा, पण जे वाचणाऱ्याला गरजेचं आहे ते गाळू नका, कारण तो तुमच्यावर विश्वास ठेवून कागद खिशात घालतो. हे मीच सांगते. समोर ताटलीतला भात निवत होता. मी त्या भाताकडे बघितलं, आणि मग मला स्वतःचा इतका राग आला की मी जवळजवळ ओरडले.

"गरम पाण्यानं धुवा! कोरडी करा! लगेच तेल लावा! लगेच म्हणजे आत्ता!"

"ओरडतंस कित्याक गो?"

"ओळ राहिली होती."

"राहिली काय?" काकांनी फोन जवळ घेऊन माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की नाही मला सांगता येणार नाही. "बरा. लिवन पण धाड. खिळो एक शिल्लक आसा."

मी लिहून पाठवली. त्याखाली आणखी एक ओळ टाकली: परवानगीशिवाय डुक्कर मारू नये. ठळक अक्षरात. काकांचं उत्तर आलं: पयली ओळ दिसली, दुसरी दिसणा नाय, चष्मो सापडणा नाय.

बाबांना मी सगळं सांगितलं, गाळलेल्या ओळीसकट. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मीसुद्धा एवढंच केलं होतं. अर्धं सांगितलं." मला हे मान्य नाही. त्यांनी घाबरून केलं, मी ठरवून. पण वाद घालायला त्या दिवशी अंगात जोर नव्हता. फोटो त्यांनी पुन्हा भिंतीवर लावला नाही, कपाटातही ठेवला नाही. तो अजून टेबलावर पालथा आहे आणि आम्ही त्याच्या बाजूला जेवतो.

खंडेनवमी झाली. कुंकू या वर्षी फक्त लाकडी दस्त्याला. दसरा झाला. म्हातारी आता आतून-बाहेरून लख्ख आहे, टोपी मारली की पान हलतं. शिकारीसाठी इतकी तयार ती पन्नास वर्षांत नव्हती, आणि ती तयार करणारं पत्रक माझं आहे. तक्रारीचा मसुदा लॅपटॉपमध्ये तसाच आहे. परवानगीचा अर्ज काकांनी केलेला नाही. म्हणतात, तूच लिही, तुझी अक्षरा बरी. भात अजून उभा आहे. काका रोज संध्याकाळी शेतात जाऊन बसतात आणि मला एवढंच ठाऊक असतं की म्हातारी सोबत असते.

म्हणून मी रोज सकाळी बिशानला मेट्रो बदलली की फोन लावते. डब्यात सगळीकडे हिंदी समजणारी माणसं. काल दारापाशी वरच्या मजल्यावरच्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी हातानंच विचारलं, कशा आहेत? मी मान डोलावली आणि फोनमध्ये ठासून विचारलं,

"काका, म्हातारी उपाशी आहे ना?"

"उपाशीच आसा गो," काका म्हणाले. "पण तिका भूक लागली हा."

मावशींनी माझा हात धरला. "पेज द्या म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या. "पातळ पेज."